मेल राहतात कुठं, ते आधी बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. जळगाव एमआयडीसीत डाळ मिल, ऑफिसात सहा कॉम्प्युटर. डोमेन कंपनीच्या नावाचं, मेल होस्टिंगवाल्याकडे. चार ठिकाणी आउटलुक, दोन ठिकाणी थंडरबर्ड. विक्रीचा एकच आयडी चौघांच्या कॉम्प्युटरवर टाकलेला. एकाला आलेला मेल दुसऱ्याला दिसत नाही, मोबाइलवर महिन्यापूर्वीचं काही सापडत नाही, पासवर्ड विचारणारी खिडकी दिवसातून दहा वेळा वर येते. त्यात शेठ म्हणतात, सगळं मायक्रोसॉफ्ट ३६५ वर (मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीवरच्या मेल सेवेवर) नेऊन टाका. तुम्ही मूळचे अकाउंटचे, पण ‘कॉम्प्युटरचं तुम्हाला कळतं’ म्हणून हे गळ्यात पडलंय. सेटिंग काय टाकू, असं तुम्ही विचारलंय.

सेटिंगचे आकडे खाली देतोच, ते दोन ओळींचं काम आहे. पण आकडे टाकायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर प्रत्येक कॉम्प्युटरपुरतं कागदावर लिहून काढा: या माणसाचे मेल राहतात कुठं? सर्व्हरवर की याच डबड्याच्या हार्डडिस्कमध्ये? मेलचं काम करता करता मला अठरा वर्षं झाली. पार भुसावळपासून शिरपूरपर्यंत जिथं जिथं मेल कायमचे गेलेले पाहिले, तिथं पासवर्ड किंवा पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) चुकलेलं नव्हतं. एकमेव प्रत कुठं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणीतरी उत्साहानं ‘अकाउंट काढून परत टाकू’ म्हणालं होतं.

अमळनेरच्या एका जिनिंगवाल्याच्या अकाउंटंटनं मला सकाळी साडेनऊला फोन केला होता. नमस्कार नाही, काही नाही, थेट “दादा, मना मेल कोठे गयात?” आदल्या संध्याकाळी नवा कॉम्प्युटर आला, जुना फॉरमॅट करून वजनकाट्यावर पाठवला. नव्यावर आउटलुक टाकलं, पासवर्ड टाकला, चौदा दिवसांचे मेल आले आणि थांबले. आधीची सहा वर्षं काट्यावर गेली होती, तीही फॉरमॅट होऊन.

हे चौदा दिवस कुठून आले ते समजून घ्या, तुमच्याही घोळाचं मूळ तिथंच आहे. पॉप पद्धतीत मेल क्लायंट, म्हणजे आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा प्रोग्राम, सर्व्हरवरून मेल उचलतो आणि आपल्या फाइलीत ठेवतो. सर्व्हरवर प्रत ठेवायची की नाही, हे त्या त्या कॉम्प्युटरवरची एक टिक ठरवते. जुन्या आउटलुकमध्ये ती टिक मुळात लावलेली नसायचीच. २०१० पासूनच्या आवृत्त्यांत प्रत ठेवायची टिक आधीच लावलेली असते, पण तिच्या खालीच ‘१४ दिवसांनी सर्व्हरवरून काढा’ हीसुद्धा लावलेली असते. खाली स्क्रोल करून बघणारा माणूस मला अजून भेटायचाय. आयमॅपमध्ये माल वखारीतच राहतो, आपल्याकडं त्याची नक्कल असते. वाचला, खोडला, फोल्डरात टाकला, सगळं सर्व्हरवर घडतं आणि बाकी ठिकाणी तसंच दिसतं.

आता तुमचा विक्रीचा आयडी बघा. चार कॉम्प्युटर, चौघांवर बहुधा पॉप, चौघांची टिक वेगळी. ज्याच्यावर ‘प्रत ठेवा’ नाही, तो सकाळी पहिल्यांदा उघडला की रात्रीचे सगळे मेल घेऊन जातो. बाकी तिघं कोरडे. तो माणूस रजेवर असला की मात्र सगळ्यांना सगळं दिसतं. म्हणूनच तुम्हाला ‘कधी येतात कधी येत नाहीत’ असं वाटतंय. सर्व्हरची काही चूक नाही. चारही ठिकाणी अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन प्रकार बघा, तिथं पॉप की आयमॅप स्पष्ट लिहिलेलं असतं. ‘मोर सेटिंग्ज’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ती टिक सापडेल. आजच्या आज चौघांवर ‘प्रत ठेवा’ लावा आणि चौदा दिवसांची टिक काढा. दुरुस्ती नंतर करू, आधी गळती तर बंद होऊ द्या.

मग ब्राउझरमधून वेबमेल उघडा. तिथं जेवढं दिसतं तेवढंच सर्व्हरवर आहे, बाकी सगळं तुमच्या कॉम्प्युटरांत. इनबॉक्सचा आकडा लिहून ठेवा. प्रत्येक कॉम्प्युटरवर अकाउंट सेटिंग्जमधला ‘डेटा फाइल्स’ टॅब उघडून फाइल कुठं आहे ते बघा. पॉप असेल तर ती पीएसटी, म्हणजे आउटलुकची मेल साठवायची फाइल, असणार. आउटलुक पूर्ण बंद करून ती फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. आउटलुक उघडं असताना केलेली कॉपी मी धरत नाही. थंडरबर्ड असेल तर सगळं प्रोफाइल फोल्डर उचला. ‘हेल्प’मध्ये ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडलं की ते फोल्डर उघडायचं बटण तिथंच आहे.

पीएसटीची साइझ बघायला विसरू नका. आउटलुक २००२ पर्यंतच्या जुन्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती, २००३ आणि २००७ मध्ये २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी आहे. मर्यादेच्या जवळ गेलेली फाइल आधी हळू होते, मग एके दिवशी मेल घ्यायचंच नाकारते. त्यात आपल्याकडची लाइट. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, एसीचा लोड, दुपारी लाइट फडफडते. आउटलुक फाइलीत लिहित असताना मशीन बंद पडलं की पीएसटी बिघडते. स्कॅनपीएसटी नावाची दुरुस्तीची सोय आउटलुकसोबत येते, फोल्डरात शोधावी लागते. ती चालवायच्याआधीही कॉपी, कारण दुरुस्त करताना ती जे वाचता येत नाही ते टाकून देते. सहाही मशीनला यूपीएस परवडत नसेल तर निदान ज्यांच्यावर पीएसटी आहे त्यांना लावा. प्रिंटरला यूपीएस आणि अकाउंटच्या मशीनला थेट बोर्ड, असंही मी पाहिलंय.

आता पॉपवरून आयमॅपवर जाणं. आउटलुकमध्ये आहे त्या अकाउंटचा प्रकार बदलता येत नाही, नवीनच टाकावं लागतं. जुनं अकाउंट न काढता वेगळं प्रोफाइल करा, हा माझा आग्रह आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मेल’ नावाचं चिन्ह असतं, तिथून ‘शो प्रोफाइल्स’, ‘अ‍ॅड’. तिथं जुनी खिडकी येते जिच्यात सगळं हातानं टाकता येतं. आउटलुकच्या आतलं नवं ‘अ‍ॅड अकाउंट’ फार हुशारी करतं, स्वतःच काहीतरी शोधून पॉप ठरवून मोकळं होतं.

आकडे हे असे. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस (मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणूनची कुलूपबंद जोडणी). जाणाऱ्यासाठी एसएमटीपी, पोर्ट ४६५ वर एसएसएल/टीएलएस किंवा ५८७ वर स्टार्टटीएलएस, तुमचा होस्टिंगवाला जे देत असेल ते. युजरनेम म्हणजे पूर्ण मेल आयडी, ‘अ‍ॅट’च्या अलीकडचं अर्धं नाव नव्हे. ‘माझ्या आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं’ ही टिक लावायची आणि तिच्याखाली ‘इनकमिंगसारखंच’ निवडायचं. ही राहिली की मेल येतात पण जात नाहीत, आणि ५५० आकड्यासह ‘रिलेइंग डिनाइड’ असं काहीतरी परत येतं. पोर्ट २५ वर कुणी बोट ठेवलं असेल तर काढा. ते सर्व्हर-सर्व्हरमधल्या बोलण्याचं पोर्ट आहे, ब्रॉडबँडवाले ते बहुतेक बंदच ठेवतात. ऑफिसात चालतं आणि घरी नेलेल्या लॅपटॉपवर चालत नाही, याचं कारण पुष्कळदा हेच.

सर्व्हरच्या नावात मात्र घाई नको. लोक ‘मेल डॉट आपलं डोमेन’ टाकतात, मग सर्टिफिकेटची खिडकी येते: ‘टार्गेट प्रिन्सिपल नेम इज इनकरेक्ट’. त्यावर ‘येस’ दाबायची सवय लागते, आणि ती खिडकी दररोज सकाळी चहाबरोबर येत राहते. तिचा अर्थ साधा आहे. शेअर्ड होस्टिंगवर एका सर्व्हरवर शेकडो डोमेन असतात, आणि तुम्ही टाकलेलं नाव त्याच्या सर्टिफिकेटवर नाही. त्या खिडकीतच ‘व्ह्यू सर्टिफिकेट’ दाबा, ज्या नावानं सर्टिफिकेट दिलंय ते वाचा आणि सर्व्हरच्या रकान्यात तेच नाव टाका. किंवा होस्टिंगवाल्याला सांगा, आमच्या डोमेनच्या ‘मेल’ नावाचंही सर्टिफिकेट लावा, फुकटात होतं. ‘येस’ दाबत राहू नका. उद्या खरोखर कुणी मध्ये बसून पासवर्ड चोरत असेल तेव्हाही हीच खिडकी येईल, आणि तुमचं बोट सवयीनं ‘येस’वरच जाईल.

एखाद्या मशीनवर सर्टिफिकेट ‘अजून वैध झालेलं नाही’ अशी तक्रार आली तर खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. धूळ खाल्लेल्या जुन्या मशीनची बोर्डावरची बॅटरी संपलेली असते, लाइट गेली की घड्याळ पंधरा वर्षं मागं. नाण्याएवढी बॅटरी बदलली की मेल सुरू. चाळीसगावात एका ऑफिसनं याच कारणासाठी नवं आउटलुक विकत घेतलं होतं.

आयमॅप सुरू झाल्यावर जुना साठा वर चढवायचा. नव्या प्रोफाइलमध्ये ‘ओपन आउटलुक डेटा फाइल’नं जुनी पीएसटी उघडा. डावीकडं ती वेगळी दिसेल. मग कंट्रोल दाबून ओढा, म्हणजे कॉपी होईल, मूळ जागेवर राहील. सगळा इनबॉक्स एकदम ओढू नका. वर्षावार फोल्डर करा, एका वेळी दोन-तीन हजार मेल, आणि दोन्हीकडचा आकडा जुळला की पुढचं वर्ष. त्याआधी होस्टिंगवाल्याकडं प्रत्येक आयडीचा कोटा किती ते विचारून घ्या. आयडीला २ जीबीचा कोटा आणि पीएसटी १८ जीबीची असेल तर चढवता चढवता पेटी भरेल, आणि बाहेरून येणारे नवे मेल परत जायला लागतील. खरेदीदाराला ‘मेलबॉक्स फुल’ असं उत्तर गेलेलं शेठला आवडणार नाही. जागा कमी असेल तर शेवटची दोन वर्षं सर्व्हरवर, बाकी पीएसटी जशीच्या तशी जोडून ठेवा, दोन ठिकाणी बॅकअपसह.

पाठवलेल्या मेलचं फोल्डर हा आयमॅपमधला नेहमीचा खडा. सर्व्हरवर ‘सेंट’ नावाचं फोल्डर, आउटलुकला ‘सेंट आयटम्स’ हवं, मोबाइल तिसरंच काढतो. मग प्रत्येक जण म्हणतो, मी पाठवला होता, दाखवता मात्र कुणालाच येत नाही. फोल्डर सगळे सर्व्हरवरच्या इनबॉक्सच्या पोटात दिसत असतील तर आउटलुकच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘रूट फोल्डर पाथ’च्या रकान्यात इनबॉक्स असं इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाका, झाड सरळ होतं. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जच्या ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये सेंट कुठं ठेवायचं ते हातानं दाखवता येतं. या बाबतीत थंडरबर्ड मला जास्त प्रामाणिक वाटतं, काय करतंय ते दाखवतं तरी.

आयमॅपमध्येही एक सापळा आहे, जो मी स्वतः एकदा दुसऱ्याच्या मशीनवर अनुभवला आणि अजून आठवला की तोंड कडू होतं. आयमॅप खात्याची स्थानिक नक्कल आउटलुक २०१३ पासून ओएसटी फाइलीत असते. बिघडली तर बिनधास्त उडवा, सर्व्हरवरून परत येईल, असं सगळे सांगतात. मेलच्या बाबतीत ते खरंय. पण आयमॅप खात्यात आउटलुक जे कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर दाखवतं, त्याच्यापुढं बारीक अक्षरात ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ लिहिलेलं असतं. ते सर्व्हरवर जात नाहीत. धुळ्यात एका तेल मिलमध्ये मी ओएसटी उडवली आणि तिथल्या भाऊंनी आठ वर्षं जमवलेले चारशे दलालांचे नंबर त्याबरोबर गेले. त्यांनी मला चहा दिला, काही बोलले नाहीत. तेव्हापासून ओएसटीला हात लावायच्या आधी कॉन्टॅक्ट एक्सपोर्ट करतो, समोरचा नको म्हणाला तरी.

आता पासवर्डची खिडकी. पासवर्ड चुकल्यावर ती येते हे बरोबर, पण आउटलुक जोडणी न मिळण्याच्या कितीतरी कारणांवर तीच खिडकी दाखवतं. बरोबर पासवर्ड टाकूनही परत येत असेल तर पासवर्ड बदलायच्या मागं लागू नका. आधी मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि त्या मशीनवर मेल घेऊन बघा. हॉटस्पॉटवर चाललं आणि ऑफिसच्या नेटवर नाही, तर खोट तुमच्या कॉम्प्युटरात नाही. बहुधा सर्व्हरनं तुमच्या ऑफिसचा आयपी (नेटवरचा पत्ता) अडवलाय.

हे का होतं ते एका चटई कारखान्यातलं सांगतो. दर सोमवारी दुपारी सगळ्या ऑफिसचं मेल बंद, तासाभरानं आपोआप सुरू. होस्टिंगवाला म्हणायचा, तुमच्या आयपीवरून चुकीचे पासवर्ड येतात. सगळ्या मशीन तपासल्या, काही नाही. शेवटी सोमवारी मी तिथंच जाऊन बसलो. दुपारी दोनला फिरतीवरचा सेल्समन आला, ऑफिसच्या वायफायच्या टप्प्यात आला आणि दहा मिनिटांत मेल बंद. त्याच्या खिशातल्या जुन्या फोनमध्ये सहा महिन्यांपूर्वीचा पासवर्ड होता. तो फोन दर काही मिनिटांनी तो जुना पासवर्ड घेऊन दार वाजवत होता. सर्व्हरला सगळं ऑफिस एकाच आयपीतून दिसतं, त्यानं सगळ्यांनाच बाहेर काढलं. त्या फोनमधलं अकाउंट काढलं, विषय संपला. तुम्ही शेवटचा पासवर्ड कधी बदलला आणि तो कुणाकुणाच्या फोनमध्ये होता, याची यादी करा, सोडून गेलेल्यांसकट.

दुसरं कारण आयमॅपवर गेल्यावर तुम्हाला नक्की भेटणार, कारण विक्रीचा आयडी चौघांकडं आहे. आयमॅपवर एकेक क्लायंट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतो. थंडरबर्ड मुळात पाचपर्यंत उघडतं. बऱ्याच होस्टिंगवर डव्हकॉट हा मेल सर्व्हर असतो आणि त्यात एका आयडीला एका आयपीवरून दहाच जोडण्या अशी मूळ मर्यादा असते. दोन थंडरबर्ड मिळून दहा झाल्या, त्यात आउटलुक आणि दोन मोबाइल आले की कुणीतरी बाहेर फेकलं जातं. ज्याला फेकलं त्याच्याकडं पासवर्डची खिडकी. थंडरबर्डमध्ये सर्व्हर सेटिंग्जच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘मॅक्सिमम नंबर ऑफ सर्व्हर कनेक्शन्स टू कॅश’ आहे, तिथं पाचाचे दोन करा. बऱ्याचदा एवढ्यानं भागतं.

एवढं करूनही एकाच मशीनवर खिडकी येत राहिली तर विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधली त्या खात्याची जुनी नोंद काढा. आणि अँटिव्हायरसमधलं मेल स्कॅनिंग बंद करून बघा. ते सर्व्हर आणि आउटलुकच्या मध्ये स्वतःचं सर्टिफिकेट घेऊन उभं राहतं. अँटिव्हायरस ठेवा, फक्त मेलच्या मध्ये बसू देऊ नका.

काट्यावरच्या कॉम्प्युटरबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण मला माहीत आहे तो कसा असणार. विंडोज ७, कारण काट्याचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. आउटलुक २०१० असेल. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, आउटलुक २०१० चा त्याच वर्षी ऑक्टोबरात. सर्व्हरांनी टीएलएसच्या जुन्या आवृत्त्या बंद केल्या, आणि विंडोज ७ वरचं आउटलुक टीएलएस १.२ आपणहून बोलत नाही; त्यासाठी वेगळं अपडेट आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत) बदल लागतो. करता येतं, मी केलंय, पण तुम्हाला सांगणार नाही. त्या मशीनवर मेलच ठेवू नका. काट्याच्या पावत्या नेटवर्कच्या फोल्डरात टाका, ऑफिसातला माणूस तिथून पाठवेल.

आता शेठचा मायक्रोसॉफ्ट ३६५. फक्त ‘मेल दिसत नाही’ म्हणून जायचं असेल तर जाऊ नका, वरचं सगळं केल्यावर तुमचा आहे तोच सर्व्हर नीट चालेल. पण विक्रीचा आयडी चौघांत हवा, एकमेकांचं कॅलेंडर दिसावं, माणूस सोडून गेला तर त्याचं खातं एका जागेवरून बंद करता यावं, असं असेल तर खर्च वाजवी आहे. तिथं ‘शेअर्ड मेलबॉक्स’ असतो. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही, आणि चौघंही आपापल्या पासवर्डनं त्यात जातात. एक पासवर्ड चौघांत फिरत नाही, आणि पाठवलेल्याची प्रत त्याच पेटीत ठेवायचं सेटिंग अ‍ॅडमिननं चालू केलं की कुणी उत्तर दिलं ते इतरांना दिसतं. तुमच्या ऑफिससाठी मला जाण्याचं खरं कारण हे एकच वाटतं.

जायचं ठरलं तर इथं सर्व्हरचं नाव हातानं टाकायचंच नसतं. आउटलुक तुमच्या डोमेनचं ‘ऑटोडिस्कव्हर’ हे उपनाव शोधतं आणि तिथून सगळं घेतं. ती नोंद डीएनएसमध्ये (डोमेनच्या पत्त्यांच्या वहीत) मायक्रोसॉफ्टनं सांगितल्याप्रमाणं टाकायची. अडचण अशी की आउटलुक त्याच्याही आधी तुमच्या मूळ डोमेनचं, म्हणजे वेबसाइटचं दार वाजवू शकतं. वेबसाइट जुन्या होस्टिंगवर असते, आणि सीपॅनेलवालं (सीपॅनेल म्हणजे होस्टिंग चालवायचं पॅनेल) होस्टिंग तत्परतेनं ‘हो हो, मेल माझ्याकडंच’ म्हणून जुनी आयमॅपची माहिती देतं. मग नवीन खातं टाकलं तरी आउटलुक जुन्याच सर्व्हरला चिकटतं, आणि तुम्ही दिवसभर मायक्रोसॉफ्टला दोष देता. होस्टिंगवाल्याला ते उत्तर बंद करायला सांगा. नाही जमलं तर मूळ डोमेन तपासू नको असं आउटलुकला रजिस्ट्रीतून सांगता येतं.

त्याच पॅनेलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ नावाची जागा आहे, ती ‘लोकल’वरून ‘रिमोट’ करा. हे राहिलं तर तुमच्या वेबसाइटच्या चौकशीच्या फॉर्मवरून येणारे मेल जुन्याच पेटीत पडत राहतील. त्याच सर्व्हरवर असलेल्या दुसऱ्या कंपन्यांचे मेलसुद्धा. कुणी ओरडणार नाही, कारण पाठवणाऱ्याला ‘पोचला’ असंच दिसतं.

जुनं आउटलुक तिथं चालणार नाही. नुसता युजरनेम-पासवर्ड देऊन पॉप, आयमॅप किंवा एक्स्चेंजला (मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरला) जोडणं मायक्रोसॉफ्टनं १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करत नेलं. आता ब्राउझरसारखी लॉगिनची खिडकी आणि मोबाइलवर मंजुरी, असं असतं. आउटलुक २०१० ला ते येत नाही. थंडरबर्डला येतं: ऑथेंटिकेशनच्या रकान्यात ‘नॉर्मल पासवर्ड’च्या जागी ‘ओऑथ२’ निवडा आणि थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज चालू ठेवा, नाहीतर लॉगिनची खिडकी पांढरी फटक येते. मेल येऊनही जात नसेल, तर अ‍ॅडमिनच्या बाजूनं त्या आयडीचं ‘ऑथेंटिकेटेड एसएमटीपी’ बंद असणार. नव्या खात्यांवर ते मुळात बंदच असतं. गुगलवर गेलात तरी गोष्ट तीच, २०२५ पासून कंपन्यांच्या गुगल खात्यांनाही साधा पासवर्ड चालत नाही.

‘नवीन आउटलुक’चं बटण वर उजवीकडं खुणावत असेल, ते सध्या दाबू नका. होस्टिंगचं आयमॅप खातं त्यात टाकलं की तुमचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून फिरून येतात, आणि पीएसटी हाताळण्यात ते जुन्या आउटलुकच्या जवळपासही नाही. तुमचं सगळं काम पीएसटी हाताळण्याचंच आहे.

दोन बारीक गोष्टी, कारण त्या तुम्हाला अडवणारच. स्कॅन केलेली कागदपत्रं जोडताना २० एमबीची फाइल मेलमध्ये साधारण २७ एमबीची होते, कारण मेल ती अक्षरांत बदलून नेतो. २५ एमबीची मर्यादा म्हणजे खरी १८ च्या आसपास. सावद्याच्या एका केळी निर्यातदाराचे कागद बंदरावर याच हिशोबानं अडकले होते. स्कॅनर रंगीत ६०० डीपीआयवर ठेवला होता, काळा-पांढरा २०० केला आणि झालं. दुसरं, मराठी मेल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप करून चिकटवू नका. तुमच्याकडं तो फॉन्ट आहे म्हणून ‘तूर डाळ’ दिसते, समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. कुठलंही एन्कोडिंग बदलून ते सुधारत नाही, कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये बदलावं लागतं, नाहीतर परत टाइप करावं लागतं.

आणि पत्ते. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं बँकांना ‘बँक डॉट इन’ डोमेनवर जावं लागलं, ३१ ऑक्टोबरची मुदत होती. आपल्याकडच्या एका सहकारी बँकेत मी ते काम केलं, तिथं वेबसाइटबरोबर मेलचे पत्तेही बदलले. सर्व्हरचं काम दोन दिवसांत झालं. पुढचे दोन महिने लोकांच्या आउटलुकमधले जुने पत्ते मारण्यात गेले, कारण पहिली तीन अक्षरं टाइप केली की आउटलुक जुनाच पत्ता पुढं करतं. नावापुढच्या फुलीवर क्लिक केलं की तो जातो. तुमच्या बँकेचे पत्ते या निमित्तानं तपासून घ्या.

३६५ वर जायचं ठरलं तर डीएनएसमधला एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरवर यायचा ते सांगणारी नोंद) ज्या दिवशी बदलायचा, त्याच्या दोन दिवस आधी त्याचा टीटीएल (ती नोंद बाकीच्यांनी किती वेळ धरून ठेवायची तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. बदल साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी करा, मंडीचा दिवस असेल तेव्हा नको. त्याच वेळी एसपीएफच्या नोंदीत (तुमच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीत) नवा सर्व्हर घाला, नाहीतर तुमची बिलं समोरच्याच्या स्पॅममध्ये जातील. जुनं होस्टिंग महिनाभर बंद करू नका आणि त्याचं वेबमेल रोज एकदा उघडून बघा, तिथं काही पडतंय का.

हे सगळं करायच्या आधी मला सहाही मशीनची एवढीच माहिती पाठवा: आउटलुकची आवृत्ती, पॉप की आयमॅप, डेटा फाइलची साइझ, आणि आज ती टिक कशी होती. एखादी पीएसटी ४५ जीबीच्या वर निघाली तर त्या मशीनवर ‘सेंड-रिसीव्ह’ दाबू नका, नेटची वायर काढा आणि मला फोन करा.